घरभरणीचा मलिदा: दहा माणसं नाहीत, आणि चटईवर कोण बसणार यावरून घरात वाद

पेणची_फोंड्यात | गुरुवार, रात्री ११:१०

नमस्कार. तीन वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. घरात ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे या वादात एकेक बाजू धरून बसलेत.

मी बेने इस्रायल. म्हणजे ज्यू, पण इंग्रजी सिनेमात दिसतात त्यातली नव्हे. पेणच्या बाजारात वाढले, शाळेत ‘शनवार तेली’ ऐकलं. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाण्याचा बैल सोडून द्यायचे, त्यावरून पडलेलं नाव. नवरा पेडण्याचा, हिंदू, वायरिंगची कामं घेतो. मी गोव्यात, फोंड्याला, एका औषधांच्या दुकानाचे हिशेब बघते. मुलगी अकरावीला आहे.

इथे आमचं म्हणावं असं काही नाही. सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) नाही, प्रार्थना चालवणारा हज्जान नाही, कोशर, म्हणजे धर्माच्या नियमाने, कापणारा नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी मी पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि वात असा दिवा लावते, आईने शिकवला तसा. काळ्या मनुका भिजवून कुस्करून सरबत गाळते, कारण कोशर वाइन आमच्या लोकांना कधी मिळायचीच नाही. त्यावर किद्दुश, म्हणजे शब्बाथचा (शनिवारच्या विसाव्याचा) आशीर्वाद. शेजारच्या काकी पहिली दोन वर्षं समजत होत्या की मी संतोषी मातेचं करते. मग एका शुक्रवारी त्यांनी माझ्या ताटात लिंबाची फोड पाहिली आणि चांगलंच टोकलं. बाजारात तर माझी ख्यातीच आहे. बांगडा, तारले, इसवण घेते. सुंगटां, कुर्ल्या, तिसऱ्या, मोरी नाही. खवले आणि पर नसलेलं आम्हाला चालत नाही. मासेवाली दर खेपेला विचारते, "बाय, तुजो खंयचो उपास?" गोव्यात राहून सुंगटां न खाणाऱ्या बाईला कुठला तरी कायमचा उपास असणार, असं तिने धरून टाकलंय.

आता मुद्दा. कुर्टीला आम्ही घर बांधलं. तळमजला आणि वर गच्ची, अकरा महिने काम चाललं. घरभरणीला मला मलिदा करायचाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती पाच फळं, मग शेमा ही प्रार्थना, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं गाणं, फळांवरचे आशीर्वाद, आणि सगळ्यांनी मिळून खायचं. जगातल्या बाकीच्या ज्यूंना हा प्रकार ठाऊक नाही. कोकणात एलियाहू आमच्याकडे येऊन गेला असं आम्ही मानतो. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. यंदा शवात महिन्याची पंधरावी, म्हणजे झाडांचा सण, या नव्हे, पुढच्या रविवारी संध्याकाळी लागतोय. तोच दिवस धरलाय.

अडचण पहिली, मिनियान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा ज्यू पुरुष. ते कुठून आणू? आईला जाऊन वर्ष होतंय, तिच्यासाठी कद्दीश, गेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना, म्हणावा अशी फार इच्छा आहे.

अडचण दुसरी. घर बांधणारे पाच जण: झारखंडच्या गुमल्याकडचे तिघे आणि रायचूरचं एक जोडपं. त्यांचं लहान पोर आठ महिने आमच्या अर्धवट जिन्याखाली झोपायचं. मला त्यांना चटईवर आमच्यासोबत बसवायचंय. नंतर पुडीत बांधून प्रसाद द्यायचा, तसं नकोय. इस्रायलमधला, अश्दोदचा मामा व्हॉट्सअॅपवर भडकला. "मलिदा म्हणजे सत्यनारायणाचा प्रसाद नाही. आपल्यातले नसतील तर तू, मुलगी आणि ताट, एवढ्यात कर." नवरा म्हणतो, एक दिवस बसवशील, मग सोमवारी ते परत पाटीच उचलणार ना.

आणि मुलगी. ती फोनवर अमेरिकेतल्या तिच्या वयाच्या ज्यू पोरींना बघते. त्या ‘तिक्कुन ओलाम’ म्हणतात, जगाची मोडतोड दुरुस्त करणं. मोर्चे काढतात, निर्वासितांसाठी कपडे गोळा करतात. ती मला म्हणाली, "आई, आपण काय करतो? दिवा लावतो आणि सुंगटां खात नाही. एवढंच?" मला उत्तर सुचलं नाही.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगते. मागच्या हिवाळ्यात तिला हौसेने किनाऱ्याकडच्या एका प्रार्थनेच्या ठिकाणी घेऊन गेले. लष्करी सेवा संपवून भटकायला आलेली इस्रायली मुलं तिथे जमतात. दारात पिशव्या तपासल्या, ते ठीक, २००८ साली मुंबईत जे झालं त्यानंतर तपासायलाच हव्यात. पण आत एकाने विचारलं, आईकडून ज्यू का? मग आईची आई कोण? तिची आई? शेवटी मुलीला म्हणाला, हिब्रूत काहीतरी म्हणून दाखव. ती शेमा म्हणाली आणि बाहेर येऊन चपला घालून चालू लागली. आमच्या आजोबांचे धाकटे भाऊ १९६४ साली जेरुसलेमला उन्हात धरणं धरून बसलेल्यांत होते. तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलांची लग्नं लावण्याआधी आजी-पणजी तपासायचा हुकूम काढला होता, त्याविरुद्ध. त्याच वर्षी त्यांच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यूच. ठराव होऊन साठ वर्षं झाली, आणि माझ्या पोरीची किनाऱ्यावर तोंडी परीक्षा.

म्हणून विचारतेय: मिनियानशिवाय मलिदा होतो का? बाहेरच्यांना बसवलेलं कुणाकडे झालंय का? आणि पोरीला काय सांगू?

---

मांडवीकाठचा_मास्तर | शनिवार, सकाळी ७:२५

ताई, धर्मशास्त्रातलं मला कळत नाही, मी इतिहास शिकवायचो. पण ‘गोव्यात आमचं काही नाही’ हे वाक्य मी तसंच जाऊ देणार नाही.

पणजीला चर्चच्या पायऱ्यांसमोरची बाग आहे ना, तिला गार्सिया द ऑर्ताचं नाव आहे. हा वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालात जबरदस्तीने ख्रिस्ती केलेले. वरवर ख्रिस्ती, घरात काय ते त्यांनाच ठाऊक. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात १५६० साली बसलं. ऑर्ता १५६८ मध्ये वारला, म्हणून सुटला म्हणायचं, तर पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इथे जाळली, आणि १५८० मध्ये याची हाडं उकरून काढून जाळली. जुन्या गोव्यातल्या त्या न्यायालयाच्या इमारतीला लोक ‘व्हडलें घर’ म्हणायचे. आज तिचा दगडही जागेवर नाही. बाग मात्र आहे, तिथे पोरं आइस्क्रीम खातात.

आणि तुम्ही राहता तो फोंडा तर पळून आलेल्या देवांचा तालुका. मंगेश १५६० साली कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. तेव्हा हा भाग आदिलशाहीत होता म्हणून आसरा मिळाला. तुमचा एलियाहू तिथे एका संध्याकाळपुरता आला तर शेजार ओळखीचाच निघेल.

---

पाटावरचा | शनिवार, सकाळी ९:०२

इतिहास राहू दे. बाई स्वतः बाहेरून आलेल्या, आणि आता आणखी बाहेरच्यांना चटईवर बसवायला निघाल्या. गोवा आधीच भायल्यांनी भरलाय. आमच्या वाड्यावर भाड्याच्या खोल्यांत कोण राहतं ते आम्हालाच माहीत नसतं. मजुराला मजुरी द्या, चहा द्या, विषय संपला. हे बसवणं-बिसवणं फोटोपुरतं असतं.

---

पेणची_फोंड्यात | शनिवार, रात्री ८:१५

(शब्बाथ संपल्यावर लिहितेय. तीन तारे दिसायची वाट बघायची असते. पावसाळ्यात अंदाजानेच चालतं, आज दिसले.)

मास्तर, धन्यवाद. त्या बागेत मी पन्नास वेळा बसले असेन, नाव कधी वाचलं नव्हतं. मुलीला घेऊन जाते.

पाटावरचे, मला पहिली पाच वर्षं वाड्यावर ‘घाटी’च म्हणायचे, पेण कोकणात असूनसुद्धा. तेव्हा भायली म्हणजे काय, ते मला समजावू नका. फोटोचं म्हणालात ते मात्र लागलं. मुलीने काल विचारलं होतं, रील करू का म्हणून. नाही म्हणून सांगितलं.

---

चेंदणीकर | रविवार, दुपारी १२:४०

पोरी, मी ठाण्याचा, वय ७८, आपल्यातलाच. सावकाश टाइप करतो, सांभाळून घे.

मिनियानचं आधी. कद्दीश, कदुशा, सेफेरमधून (तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीतून) आशीर्वादासह वाचन, याला दहा लागतात. मलिद्याला लागत नाहीत. शेमा एकट्याने म्हणतात, एलियाहू हन्नाबी एकट्याने म्हणतात, फळांचे आशीर्वाद ज्याने त्याने म्हणायचे. दहा असले तर शोभा. आईसाठी तेहिलिममधली स्तोत्रं म्हण आणि तिच्या नावाने त्सेदाका, म्हणजे दान, काढ, यात काही कमी नाही. फळांत एक ध्यानात ठेव: केळं झाडाला लागल्यासारखं दिसतं, पण त्याच्यावर आशीर्वाद जमिनीच्या फळाचा, झाडाचा नव्हे. खजुरावर झाडाचा. पोरं इथेच चुकतात.

बायको शेजारून सांगतेय की दहात बायकांना का मोजत नाहीत ते पण लिहा. लिहितो बाई. मुंबईला डॉक्टर जेरुशा झिराड होत्या, लंडनला शिकून आलेल्या, कामा हॉस्पिटल चालवणाऱ्या. १९२५ साली त्यांनी ज्युइश रिलिजस युनियन काढली, उदारमतवाद्यांची, त्यातूनच पुढे रोदेफ शालोम हे सिनेगॉग झालं. त्या वळणाचे लोक बायकांना मोजतात, आमच्या इथे नाही. बायकोचं म्हणणं, गोव्यात तुला बघायला कोण येतंय?

आता चटईचं. तुझ्या मामाला माझा नमस्कार सांग आणि विचार, त्याला ‘गोरे’ आणि ‘काळे’ आठवतात का. नव्या पोरांना ठाऊक नसेल. आपल्यातच दोन भाग होते. काळे म्हणजे बाहेरच्या बायकांपासून झालेले, असं गोरे म्हणायचे. लग्नं नाहीत, ताटं वेगळी, सिनेगॉगमध्ये मागे बसायचं. माझ्या आजीने एका बाईला मलिद्याचं ताट हाताने न देता खाली ठेवून सरकवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पाच-सहा वर्षांचा असेन. त्या बाईने ते उचललं नाही. आजीला आम्ही फार मानायचो, अजूनही मानतो, पण ते ताट काही डोळ्यांपुढून जात नाही. आणि इराककडून आलेले बगदादी ज्यू मुंबईत आपल्याला मिनियानमध्ये मोजायला नाखूष, कबरस्तानात वेगळी जागा मागणारे. म्हणजे ज्यांनी आपल्याला मागे बसवलं त्यांच्यावर आपण चिडायचो, आणि घरी येऊन कुणाला तरी मागे बसवायचो. कोचीनला हेच. तिथे ए. बी. सालेम नावाच्या वकिलाने सिनेगॉगमध्येच सत्याग्रह केला, लोक त्यांना ‘ज्यू गांधी’ म्हणायचे.

मामा म्हणेल, तो आपल्यातला मामला, हे तर परके. बसव तू.

---

तटस्थ | रविवार, दुपारी ३:१८

सगळं छान. पण सामाजिक न्यायाच्या गप्पा चालल्यात तर गाझाबद्दलही बोला की. तिथे काय चाललंय त्यावर तुमच्या लोकांचं मौन दिसतं.

---

पेणची_फोंड्यात | रविवार, दुपारी ४:०५

हा प्रश्न येणार हे धरूनच होते. मामाची नातवंडं अश्दोदला सायरन वाजला की जिन्याखाली पळतात, त्या रात्री मला झोप येत नाही. गाझातली मेलेली पोरं बघून माझी मुलगी जेवत नाही, आणि मी तिला ‘जेव, आपला काय संबंध’ असं म्हणत नाही. मामाशी यावरून माझं कडाक्याचं भांडण झालंय, दोन महिने बोलणं बंद होतं. मौन नाही. पण मी पेणची आहे. पोह्यात खोबरं घालायच्या आधी मी एका सरकारच्या वतीने खुलासा करावा, अशी अट मला मान्य नाही. यावर इथे पुढे लिहिणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे येईन.

---

स्लॅबवाला | रविवार, रात्री ९:५०

मी दोडामार्गचा, गोव्यात साइटवर सुपरवायझर, सतरा वर्षं. धर्माचं मोठ्यांनी सांगितलंच. मी साइटचं सांगतो.

एक, रविवारी संध्याकाळी ठेवताय ते बरं. कामाच्या दिवशी बोलावलं तर त्यांचा अर्धा रोज जातो, आणि मालकीण बोलावते म्हणून नाहीही म्हणता येत नाही. दोन, नवे कपडे-बिपडे देऊन बसवू नका, अवघडतात. तीन, आणि हे खरं. त्यांचा हिशेब चुकता झालाय का?

विचारतो कारण अकरा महिन्यांचं काम, ठेकेदारी पद्धत, आणि घरभरणी तोंडावर. अशा वेळी शेवटचा हप्ता कुठेतरी अडकलेला असतोच. मजुरांना दर आठवड्याला खर्ची मिळते, तांदूळ-तेलापुरती. बाकीची रक्कम वहीत चढत राहते आणि काम संपल्यावर मिळते. म्हणजे मिळाली तर. ठेकेदार म्हणतो मालकाने दिले नाहीत, मालक म्हणतो मी ठेकेदाराला बांधलेला आहे. कामगार कायद्यात ठेकेदाराने बुडवलं तर मूळ मालकाने द्यायचं असं आहे, पण ते मोठ्या आस्थापनांना. कुर्टीतल्या एका घराला कोण विचारतो?

चुकता झाला असेल तर माझं बोलणं सोडून द्या.

---

पेणची_फोंड्यात | सोमवार, रात्री १२:३५

चुकता झालेला नाही.

गच्ची गळते. टाकीच्या पाइपाजवळ ओल येते, भिंतीला पोपडे धरलेत. नवऱ्याने आणि मी ठरवून ठेकेदाराचे साठ हजार अडवून ठेवले, गळती काढ आणि घेऊन जा. आमच्या दृष्टीने ते साठ हजार ठेकेदाराचे होते. त्यात पाच जणांचे किती असतील हा विचार मी केला नाही. मी, जी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिते.

तुमचं वाचून रात्रीच जाऊन विचारलं. वही त्यातल्या मोठ्या गवंड्याकडेच होती, शाळेची, शंभर पानी. पाच जणांचे मिळून ३१,४००. रायचूरच्या बाईने मागच्या महिन्यात पोराच्या तापासाठी माझ्याच दुकानातून उधारीवर औषध नेलं होतं. ती उधारी मीच वहीत लिहिली होती.

चेंदणीकर काका, यावर आपल्यात काय सांगितलंय? मला धूसर आठवतंय, नीट सांगा.

---

चेंदणीकर | सोमवार, सकाळी ६:१०

नीट सांगतो. तोरामधलं लेवीय हे पुस्तक, अध्याय १९: मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, आपल्याजवळ ठेवायची नाही. त्यातलंच ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक, अध्याय २४: ज्या दिवशीचं काम त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. आणि तिथे मजूर आपल्या भावांपैकी असो की आपल्या गावात राहणारा परका असो, दोघांना एकच नियम. म्हणजे त्या पाटावरच्या गृहस्थांचे भायलेसुद्धा आले.

आता तुला आवडणार नाही ते. तालमुदात, म्हणजे आपल्या धर्मपंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, बाबा मेत्सिया या भागात, तुझाच दाखला आहे. मालकाने मधल्या माणसाला सांगितलं, माझ्यासाठी मजूर आण. मजुरी थकली, तर दोष कोणाचा? उत्तर येतं, दोघांनाही तो दोष लागत नाही. मालकाने मजुरांना ठरवलं नव्हतं, आणि मधल्याच्या घरचं काम नव्हतं. शास्त्राने तुला पळवाट दिलेली आहे. वडील हे शिकवताना इथे थांबायचे आणि म्हणायचे, "आता मजुराच्या घरी जाऊन हे वाचून दाखव."

आणि एक. आईच्या नावाने त्सेदाका काढशील त्यात हे ३१,४०० धरू नकोस. ते त्यांचेच आहेत. त्सेदाका शब्दच ‘त्सेदेक’पासून, म्हणजे न्याय; तरी त्यांचे पैसे त्यांना देणं त्याच्याही अलीकडचं.

गंमत बघ, जुन्या काळी आपल्या सिनेगॉगच्या प्रमुखाला ‘मुकादम’च म्हणायचे.

---

स्लॅबवाला | सोमवार, सकाळी ८:३०

ताई, थेट द्यायचे असतील तर ठेकेदाराला आधी फोनवर सांगा, नवऱ्याच्या समोर. वहीवर प्रत्येकाची सही किंवा अंगठा घ्या, त्याचा फोटो ठेकेदाराला पाठवा. नाहीतर तो म्हणेल मला काही माहीत नाही, साठ पूर्ण द्या. आणि चिडेल, ते धरूनच चाला.

---

पेणची_फोंड्यात | मंगळवार (मलिद्यानंतरचा), रात्री १०:२०

झाला. कसा झाला ते लिहायचं देणं लागते.

पैसे गेल्या बुधवारीच दिले. सांगितलं तसं केलं: फोन, सह्या, अंगठे, फोटो. ठेकेदार नवऱ्याला म्हणाला, तुझ्या बायकोने माझी माणसं बिघडवली. उरलेले २८,६०० गळती निघाल्यावर. मुलगी सोबत होती. पैसे मोजताना तिने विचारलं, हेच का ते तिक्कुन ओलाम? मी म्हटलं, नाही गं, ही उधारी आहे. आपली.

रायचूरचं जोडपं मलिद्याला आलं नाही. पैसे हातात पडले आणि शनिवारी ते गावी निघून गेले, जत्रा होती म्हणे. मला क्षणभर वाईट वाटलं, मग लक्षात आलं की ते अडकले होते म्हणूनच इतके दिवस इथे दिसत होते. औषधाची उधारी जाताना फेडून गेली ती. नको म्हटलं तर ऐकेना.

धागा वाचून वास्कोहून एक निवृत्त जोडपं आलं, आपल्यातलं. अकरा वर्षं गोव्यात आहेत, मला पत्ताच नव्हता. म्हणजे आम्ही चार. शेजारच्या काकी लिंबाचा विषय न काढता आल्या. गुमल्याचे तिघे आले, आंघोळ करून, केसांना तेल लावून, एकाने येताना बाजारातून पेरू आणले. आमची पाच फळं सहा झाली.

मामा व्हिडिओ कॉलवर होता. आधी कॅमेरा बंद ठेवून बसला. शेमा झाला, गाणं सुरू झालं. मग त्या तिघांतला मोठा, वहीवाला, मुलीला हळूच विचारू लागला, "ये एलियाहू वही एलियाह है क्या, आटा और तेल वाला?" तो कॅथलिक निघाला. गुमल्याकडे बरेच आहेत म्हणे. त्याने सगळी गोष्ट सांगितली: दुष्काळ, सारफतची परकी विधवा, तिच्याकडे मूठभर पीठ आणि कुपीत थोडं तेल, एलियाहू म्हणतो आधी मला भाकर कर, आणि पाऊस पडेपर्यंत ना पीठ संपतं ना तेल. माझ्या मुलीला ही गोष्ट माहीत नव्हती. सात पिढ्यांच्या तेल्याच्या घरात मी ती तिला कधी सांगितलीच नाही. दिव्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, नारियल का है? तेवढ्यात मामाने कॅमेरा चालू केला आणि हिंदीत त्याला विचारलं, तुमच्याकडे ही गोष्ट कोण सांगतं? त्यांचं दहा मिनिटं चाललं. आम्ही पोहे वाढेपर्यंत दोघं पावसावर येऊन ठेपले होते. मामा नंतर मला काही बोलला नाही. होही नाही, नाहीही नाही.

केळ्यावर मी झाडाचा आशीर्वाद म्हणून बसले. काका, तुम्ही सांगूनही. वास्कोच्या काकूंनी लगेच पकडलं.

कद्दीश झाला नाही. मुलीने तेहिलिममधलं तेविसावं मराठीत वाचलं, आईच्या पुस्तकातून, तिच्या हळदीच्या डागासकट. काकींनी डोळे पुसले. आईच्या नावाने काय काढायचं ते अजून ठरायचंय. मुलगी म्हणतेय साइटवरच्या पोरांसाठी दुपारचं काहीतरी. कुठे, कसं, काही माहिती नसताना म्हणतेय. बघू.

वास्कोच्या काकांशी हिशेब केला. मडगाव, म्हापसा धरून आपल्यातली चार-पाच घरं निघतील असं ते म्हणतात. पेसाहच्या सणाला एकत्र बसायचं ठरतंय. बायका मोजायच्या की नाही यावर त्यांचं आणि काकूंचं गाडीत बसेपर्यंत चालू होतं.

गच्ची अजून गळतेय. ठेकेदार फोन उचलत नाही. @स्लॅबवाला, पाइपाजवळच्या गळतीचं काम करणारा कुणी माहितीतला असेल तर व्यनि करा. रोजचे पैसे रोज देईन.